चापावरचा पाय

(अलास्कातल्या चिल्कट नदीचा काठ, जानेवारीतली सकाळ. एल्डननं लांडग्यासाठी लावलेल्या चापात, लोखंडी जबड्याच्या सापळ्यात, पांढऱ्या डोक्याची गरुडीण अडकली आहे. मर्ना आणि तिचा नवरा एल्डन.)

एल्डन : बाजूला हो. एका गोळीत सुटेल बिचारी.

मर्ना : बंदूक खाली ठेव. सात हिवाळे ही जोडी बघतेय मी खिडकीतून. दोन दिवस नर एकटाच फांदीवर. खाली मासे सडले तरी उतरला नाही. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. आमिष झाकलं म्हणाला होतास ना?

एल्डन : झाकलं होतं.

मर्ना : मग हे सशाचं कातडं उघडं कसं? आकाशातून दिसतं ते.

एल्डन : घाईत राहिलं असेल.

मर्ना : तुझे भाऊबंद बघ, झाडावर पंगतीला बसल्यासारखे जमलेत कावळे.

एल्डन : आम्ही कावळा कुळाचे, म्हणून नदीवरचा प्रत्येक कावळा माझा भाऊ का?

मर्ना : आणि ही माझ्या गरुड कुळाची. सासरच्या माणसाला गोळी घालणार होतास तू. चल, मी तिच्या डोक्यावर कोट टाकून पाय धरते. तू दोन्ही स्प्रिंगांवर उभा राहा.

एल्डन : आईशप्पथ, पंख थोबाडात बसला माझ्या.

मर्ना : बसू दे. जोर लाव.

एल्डन : उघडला. कातडी पार सोलली गं, पण हाड शाबूत आहे.

मर्ना : आई गं... दुसऱ्या पंजानं मनगट धरलं माझं. नखं आत गेली.

एल्डन : रक्त... मर्ना, मी बंदूक घेतो.

मर्ना : पाय उचललास तर चाप मिटेल. तिचा पाय जाईल नि माझी बोटंही.

एल्डन : मला रक्त बघवत नाही, तुला ठाऊक आहे.

मर्ना : ठाऊक आहे. आपलं बाळ गेलं तेव्हा दार उघडून गेलास तो तिसऱ्या दिवशी उगवलास. तो बघ वरचा, दोन दिवस जागचा हलला नाही.

एल्डन : आता हललाय. अंगावर येतोय.

मर्ना : मान खाली घाल. पाय हलवू नको.

एल्डन : टोपी फाडली मेल्यानं. डोळ्यात काहीतरी गरम उतरतंय.

मर्ना : तुझंच रक्त आहे. बघू नको. परत येईल तो.

एल्डन : येऊ दे. तू तिला सोडव.

मर्ना : पंजा सैल पडतोय... निघाला. चापातला पायही निघाला. कोट काढते, तोंड फिरव.

एल्डन : उडाली?

मर्ना : वेडीवाकडी, पण उडाली. नदीपलीकडे गेली. तो मागोमाग आहे तिच्या.

एल्डन : हात बघू तुझा.

मर्ना : नंतर. तू अजून उभाच का?

एल्डन : तू पाय काढ म्हणाली नाहीस ना.