पालकाची सही

— अन् चपला काहून काढून राह्यले भाऊ, हे शाळा हाय, देऊळ नाई — या, बसा असे बाकावर. सभा अकराले हाय, आता कुठं सव्वादहा झाले. नाई, मॅडमले आता नाई भेटता येत, तास सुरू हाय त्याईचा. पानी घ्या. मी दुर्गाबाई, अठरा वर्षं झाले इथं शिपाई हाय, पोट्टे मावशी म्हन्तात. कोनत्या वर्गात हाय लेकरू? सातवीत, पोरगी — मंग बराबर. सातवीच्याच मायबापाचं तोंड असं असते. पाचवीवाले हासत येतात, डबा खाते काय, कोनी मारते काय, एवढंच इचारतात. दहावीवाले मार्क इचारतात. हे मंधातले जे हात ना, सहावी-सातवीवाले, त्याईले काय इचारावं हेच समजत नाई, कारन लेकरू घरी काई सांगतच नाई. काल पावतर सगळं सांगत होतं, आज इचारलं आज काय झालं शाळेत, तं म्हन्ते — काई नाई. रोजच काई नाई. तुमच्याही घरी तसंच? सगळ्याईच्याच घरी तसं हाय भाऊ, तुमी एकटे नाई.

शाळेचंही काई चुकत नाई तसं. डायरी हाय, चिठ्ठी हाय, आता मोबाईलवर ग्रुप हाय — पन घरी पोचते कुठं? मांगच्या सभेच्या चिठ्ठीचं एका पोट्ट्यानं विमान केलं, ते इथंच उडालं अन् मीच ते झाडलं. अन् एकीनं तं बापाचा म्हनून जुना, बंद पडलेला नंबर देला. मॅडम बिचाऱ्या सहा महिने त्या नंबरले मेसेज धाडून राह्यल्या — उद्या चाचनी हाय, परवा सहल हाय सेमाडोहची, संमती द्या — कोन वाचते? कोनीच नाई. मॅडमले वाटलं बाप लय माजोरी हाय. अन् बापाले वाटत असंन शाळेत काई होतच नाई.

नाई नाई, तुमी काहून घाबरून राह्यले? लपवते म्हनजे वाईटच असते असं नाई ना. हेच पाहा, त्या नंबरवाल्या पोरीचं. नाव नाई सांगत — नाव काहून सांगू कोनाचं — पन ऐका, टाइम हाय अजून. जुलैची गोष्ट. मी मुलींचं संडास धुवाले गेली तं एक दार आतून बंद. दोन तास झाले, एक पोरगी वर्गातबी नाई, भाईरबी नाई. मी म्हनलं, कोन हाय गं? तं आतून बारीक आवाज — मावशी, मले काई तरी झालं, मी मरून राह्यली. तुमी लेकीचे बाप हात म्हनून सांगते, बायकाईचं जे असते तेच होतं, पह्यल्यांदा. घरी माय असती तं माय बोलली असती आधीच. माय नाई. तीन वर्षं झाले जाऊन. मी मॅडमच्या कपाटातून जे पायजे ते देलं, मायी ओढनी देली कमरेले बांधाले, अन् दाराभाईर उभं राहून सगळं समजावलं, हासत हासत, का पोरगी घाबरू नये. भाईर आली, तोंड धुतलं, अन् पह्यली गोष्ट काय म्हनली? मावशी, बाबाले नका सांगू. म्हनलं, मारते काय बाप? तं म्हन्ते — नाई वो, ते घाबरतात. माय गेल्यापासून लय घाबरतात. मले सर्दी झाली तरी रातभर कपाळाले हात लावून पाहात राह्यतात.

आता सांगा, अशा बापावर रागवावं तं कसं?

तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत येते मायाजवळ. पोरगी कशी म्हनान तं काडीवानी, पन पायात काय भरलं हाय देव जाने. खेळाच्या गजेंद्र सरनं कबड्डीत उभी केली. पह्यल्याच दिवशी चढाई करून तीन गडी बाद, अन् परत येऊन इचारते, सर, चुकलं काय काई? तालुका जिकला पोरीनं. मंग अमरावती — जिल्ह्याचे सामने. त्याले पालकाची सही लागते. ते कागद घेऊन तीन दिवस फिरली. म्हनलं, बापाले दे ना. तं म्हन्ते, बाबा नाई म्हन्नार नाई, पन सामने होईपावतर जेवनार नाई. पडली तं, लागलं तं, गाडी उलटली तं — मावशी, मले त्याईचं तोंड पाहावत नाई तसं.

तं मंग — आता कोनाले सांगू नका हं भाऊ — मंग केली मी सही. हो. पालकाच्या जागी. 'दुर्गा' एवढंच लिवलं, अन् नात्यात लिवलं मावशी. गुन्हा हाय, मले काय समजत नाई काय? हेडमास्तरले कळलं तं अठरा वर्षाची नोकरी जाईन. पन पोरगी तशी उभी होती समोर, कागद धरून, अन् गाडी भाईर हॉर्न मारून राह्यली होती. सांजच्याले वापस आली तं गुडघा फुटला होता अन् तोंड असं, जसं काई दिवाळी. घरी सांगतलं — पायऱ्यावरून पडली. बापानं आठ दिवस हळद लावली म्हन्ते.

काय झालं, काई आठवलं काय? चेहरा काहून असा झाला तुमचा? बरं. मेसेज? द्या, मीच वाचते, तुमी चष्मा इसरले असान. हं — 'आदरणीय पालक, आपली पाल्य कु. प्रणाली भगवंतराव गावंडे हिच्याबद्दल महत्त्वाचे बोलायचे आहे...'

...

घ्या तुमचा मोबाईल.

भगवंतराव तुमीच काय. हां. दोन-चार दिवसांखालीच मॅडम म्हनत होत्या, कुठून तरी बापाचा चालू नंबर काढते. काढला म्हना.

आता मी काय बोलू. बोलून तं बसली सगळं. तिले बोलू नका भाऊ, चूक मायी हाय, मोठं मानूस मी होती. तुमी वर जाऊन तक्रार करान तं करा, मी नाई म्हन्नार नाई, सही मायीच हाय म्हनून सांगीन. तुमी बाप हात. तुमच्या लेकीचं तुमच्या आधी मले समजलं, हे काई बरं नाई झालं, हे मलेही कळते. पन एक सांगू — ते पोरगी तुमाले भेत नाई. तुमच्यासाठी भेते. दोन्हीत लय फरक हाय.

काय? काय म्हनले, जरा मोठ्यानं बोला. ... अमरावतीले किती? किती गडी बाद केले म्हन्ता? चवदा. अखरीच्या सामन्यात एकटीनं सहा. अन् तिकडून तं धिप्पाड पोट्ट्या होत्या, भाऊ, आपली त्याईच्या काखेखालून निसटली, साप निसटावा तशी. सरनं व्हिडिओ काढला हाय, मागा त्याईले. पुसा डोळे, कोनी नाई पाहात, मी भिंतीकडं तोंड करते.

महत्त्वाचं काय ते मॅडम सांगतीनच, पन आता लपवून काय करू. पुढचे सामने अकोल्याले हात, दोन मुक्काम. त्याचाबी कागद घेऊन आली होती मायाकडं. यावेळेस मी नाई केली सही. म्हनलं, बाई, एक डाव झालं, आता नाई, ज्याची हाय त्याच्याकडं जा. रुसली मायावर. चार दिवस झाले, डब्याच्या सुट्टीत येत नाई. कागद तसाच कोरा मॅडमच्या टेबलावर पडला हाय.

पावनेअकरा झाले. जिना चढा, डाव्या हाताची तिसरी खोली. चपला राहू द्या पायात म्हनलं ना. जा आता, मले घंटी द्याची हाय.