ओढ्याला पाणी होतं म्हणून

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या होमस्टे संघाच्या सुमंगलाक्का, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते बुकिंग कंपनीचे निखिलसर, आणि जोयडा, गणेशगुडी, कुंभारवाड्याहून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी कुंभारवाड्याची केशर वेळीप. घरमालकांच्या वतीनं चार चांगले शब्द बोल, असं अक्कांनी सांगितलंय. बोलते. सरांचं बोलणं गोड आहे. बुकिंग मोडलं, पाहुणा आणि मालक भांडायला लागले, की निकाल सरांचा, तोही तासाभरात. आत्ताच त्यांच्या या झपाट्याचं कौतुक झालं, तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. एकाच बाजूला फोन केला की वेळ वाचणारच, नाही का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी चढलं. हुबळीचे पाहुणे निघाले होते. मी फोन केला, "आज गणेशगुडीला मुक्काम करा. पाणी उतरलं की या, खोली तुमचीच हाय." त्यांनी रागानं बुकिंग मोडलं आणि कंपनीला कळवलं, मालकिणीनं येऊ दिलं नाही. सरांनी निकाल दिला, बुकिंग मालकिणीनंच रद्द केलं. माझं घर हंगामभर ॲपवरून उतरवलं. मी जोयड्याला येऊन सरांना भेटले. म्हटलं, "सर, ओढ्याला पाणी होतं." सर म्हणाले, "पाण्याचा नियम आमच्यात नाही."

बसा सर, बसा. चहा यायचाय अजून.

ही बातमी तालुकाभर झाली. आमच्या पलीकडच्या वाडीतली तारा, ती बघा, मागं बसलीय, तिनंही ऐकली. पुढं तोच ओढा पुन्हा चढला, आणि बेळगावचे पाहुणे तिच्याकडं निघालेले. नवरा म्हणाला, "अगं, फोन लाव त्यांना." ती म्हणाली, "लावला तर केशरवैनीवानी आपलंबी घर बंद करतील." न्हाई लावला. गाडी ओढ्यात गेली. वाडीतल्या माणसांनी दोर टाकून सगळ्यांना बाहेर काढलं. श्वेता नावाच्या लहान पोरीचा हात मोडला. तिची आई चिखलात बसून ताराला एकच विचारत होती, "तुम्हाला ठाऊक होतं?"



काय म्हणालात सर? ते प्रकरण मिटलं? तुमच्याकडं मिटलं असेल. तारा अजून कुणाला खोली देत न्हाई. चूक तिचीही हाय, व्हय. पण ती बेळगावला जाऊन त्या पोरीपुढं उभी राहिली, आईच्या शिव्या खाऊन आली. तुम्ही गेलात? तुम्ही साधा फोन केलात?

आता बढतीवर पुण्याला चाललात. तिथं तुमच्या हाताखाली याहून जास्त घरं येतील. निकाल द्यायच्या आधी घरमालकिणीलाही विचारा, एवढंच मागणं.

सरांना शाल घालायचं काम माझ्याकडं दिलंय. अक्का, ती तुम्हीच घाला, माझा हात उठत न्हाई. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमची आभारी आहे. सभेचा रंग बिघडवला असेन तर सभागृहानं ते पोटात घालावं. सरांकडं मात्र मी माफी मागत न्हाई.