जावईबापूंची झिलई

सुट्या भागांच्या दुकानात शिक्षिका स्कूटरच्या बल्बसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा ट्रकमालक आणि त्याचा जावई. काउंटरवर त्यांच्या ट्रकची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडपेची नळी होती, आतून आरशासारखी लखलखीत.

"ही कुणी घासली?" दुकानदाराने विचारले.

"आमच्या जावईबापूंनी. घरी, जेवायच्या टेबलावर."

"मामा, तोंड मोठं केलं की इंजिनाला हवा जास्त मिळते. ताकद वाढते," जावई म्हणाला.

"मिळाली ना. आता झडप त्या तोंडाला पुरतच नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ट्रक आपला निघालाय."

"पण चढ कसा चढला, ते सांगा की यांना."

"झकास चढला. उताराचं विचारू नका."

"शेवटी ब्रेक लागलाच ना?"

"ब्रेक नाही हो, वाळूचा ढीग लागला."

"मी पुन्हा नीट बसवून..."

"बापू, हात जोडतो. उद्या माल पोचला नाही तर जुनं गिऱ्हाईक हातचं जाईल. ट्रकला आता हात लावू नका."

"बरं. राहिलं."

जावयाने ती लखलखीत वस्तू उचलली, बाहीने पुसली आणि पुन्हा होती तिथे ठेवली. म्हातारा बघत होता.

"नवी काढतो," दुकानदार म्हणाला. "एकच ना?"

"दोन काढा."

"ट्रकला एकच लागते, काका."

"ट्रकला एकच. दुसरी यांना घासायला."