रफिकच्या बोटांवरचे डाग

आता हसून सांगून राह्यलो, पण तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं. लोहाऱ्यात माह्या दुकानाच्या बाजूले रफिकचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. त्याच्या बोटांच्या टोकांवर लाल, दुखरे डाग आलते. "पेट्रोलनं झालं असन," म्हणे. मी त्याले ओढतच चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं.

बाईंनी बोटं पाहिली, मग चपला काढायले लावल्या. पायाच्या बोटांवरही तेच डाग!

"गाडीत पेट्रोल पायानं भरता का?" असं म्हणून बाईंनी हृदयाची सोनोग्राफी लिहून दिली.

रफिक चिडला. "मॅडम, मी बोटं दाखवायले आलो, तुम्ही दिल काहून पाहून राह्यल्या?"

सोनोग्राफीत हृदयाच्या आत लोंबणारी गाठ दिसली. तिचेच कण तुटून, रक्तातून वाहत जाऊन बोटांत अडकत होते. एखादा डोक्यात गेला असता तर लकवाच होता. नागपूरले लगेच ऑपरेशन झालं, गाठ अख्खी निघाली.

बरा झाल्यावर रफिक पेढे घेऊन बाईंच्या दवाखान्यात गेला. कंपाउंडरनं इचारलं, "डाग गेले काय, भाई?"

रफिकनं शर्टाची बटणं खोलली अन् छातीवरची टाक्यांची रेघ साऱ्या पेशंटले दाखवली.

"डाग गेले, अन् इथं बसलेला डागांचा मालकही गेला!"