आण्णांची बिनआवाजाची ॲम्बेसिडर

मोठी माणसं खोटं बोलताना जराही लाजत नाहीत, सांगतो ऐका. देवळाली प्रवरात चुलत बहिणीचा साखरपुडा होता. त्याआधीच आमच्या चुलत्यांनी, आण्णांनी, घरात जाहीर केलेलं, "दारात एकच गाडी राहील, माझी ॲम्बेसिडर. ह्या कॉलेज सोडलेल्याचा फोर-बाय-फोर डबा विकायचा." तो डबा म्हणजे माझी जीप, आणि तिच्याच भाड्यावर माझं पोट चालतं.

वाटेत उसाला सोडलेलं पाणी फुटून रस्त्यावर आलेलं. ॲम्बेसिडर चिखलात रुतली आणि इंजिनही बंद पडलं. मी दोर बांधून माझ्या गाडीनं ती मंडपाच्या वरच्या उतारापर्यंत ओढत आणली. तिथं आण्णा म्हणाले, "सोड दोर. पाव्हणं बघत्याल."

सोडला. बंद गाडी उतारावरून घरंगळत मंडपापुढं जाऊन थांबली. आण्णा रुबाबात उतरले.

"बघा पाव्हणं, इंजिनाचा आवाज तरी येतो का? न्हाईतर ह्याचा डबा! उद्याच विकतोय."

पाहुणे माना डोलवायला लागले. माझं डोकंच फिरलं. चिखलानं भरलेला दोर आण्णांच्या बॉनेटवर आपटला.

"आण्णा, घरी जाताना चढ हाय. तवाबी आवाज येऊ देऊ नका."