अकरा वाक्यं

(दुपारचे अडीच. नाट्यगृहातली मेकअपची खोली. आरसा एक, खुर्ची एक, आणि खुर्चीत नटाची बायको. मेकअपदादा तिच्या गालाला रंग लावताहेत. नट उभा.)

नट : गंमत पुरे झाली. ऊठ आता. चारला पडदा वर जायचाय आणि मी अजून नुसता माणूस दिसतोय.

दादा : साहेब, वहिनींचा एक गाल झालाय. अर्धवट सोडला तर बरं दिसणार नाही.

नट : पण तिला रंग कशाला? विंगेत अंधार असतो. बावीस वर्षं ती नाटकाची वही घेऊन स्टुलावर बसते, मला वाक्यं सांगते. प्रेक्षकांना तिचं नाकसुद्धा दिसलेलं नाही.

बायको : आज दिसेल. रस्त्यापलीकडच्या छोट्या सभागृहात. चारलाच.

नट : तिथे काय आहे?

बायको : नाटक. माझं काम आहे त्यात. मोठ्या जावेचं. अकरा वाक्यं.

नट : आणि हे तू मला आत्ता सांगतेस?

बायको : मंगळवारी सांगितलं, तेव्हा तुम्ही भुवया कोरत होतात. हो हो म्हणालात. शुक्रवारी पुन्हा सांगितलं, तर म्हणालात, जरा मोठ्याने सांग, पोचत नाहीये. तुमचा दोष नाही. मी काही बोलले की तुम्हाला ते तुमचंच वाक्य वाटतं.

नट : दादा, तुम्हाला माहीत होतं?

दादा : मी चेहऱ्यापुरता, साहेब. कानांचं खातं माझ्याकडे नाही.

नट : हे बघ, मी तुला कधी अडवलंय? बाहेर फलकावर काय लिहिलंय ते वाच. ‘स्त्रीमुक्तीचा अडीच तासांचा हुंकार.’ ते काय उगाच? कालच त्या वार्ताहर मुलीला मी सांगितलं, स्त्रीला तिचं... स्त्रीला तिचं... काय होतं ते?

बायको : काल तिने विचारलं, तुमच्या यशात पत्नीचा वाटा किती? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. हळूच म्हटलं, तिच्याशिवाय मी शून्य आहे. मग तुम्ही ते म्हणालात. ‘शून्य’च्या आधी थांबलातसुद्धा. त्या मुलीचे डोळे भरून आले.

नट : तो पॉज माझा होता.

बायको : तुमचाच. शब्द आठवत नव्हता म्हणून.

दादा : वहिनी, मान थोडी वर.

नट : बरं, मग आज मला वाक्यं कोण सांगणार?

बायको : दादा सांगतील.

दादा : मी? वहिनी, मागच्या नाटकाच्या वेळी तुम्हाला ताप होता तेव्हा बसवलं होतंत मला. कंसातलं वाचायचं नसतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वाचलं, ‘खिन्नपणे खिडकीकडे जातो.’ साहेब लोकांकडे तोंड करून म्हणाले, खिन्नपणे खिडकीकडे जातो. आणि जागचे हलले नाहीत.

नट : पेपरात कौतुक आलं होतं त्याचं. भूमिकेपासून अलिप्त राहण्याचा धाडसी प्रयोग, असं छापलं होतं.

बायको : कात्रण मीच कापून ठेवलंय.

नट : मग असं कर. आज राहू दे. पुढच्या नाटकात मीच तुला भूमिका देतो. घरचीच गोष्ट आहे, कुणाला विचारायला नको.

बायको : कसली भूमिका?

नट : शेजारणीची. फार महत्त्वाची. सबंध नाटकभर ती दाराबाहेरून बोलते.

बायको : दाराबाहेर म्हणजे विंगेतच की.

नट : आवाजाची भूमिका सगळ्यात अवघड असते.

बायको : बावीस वर्षं तीच करतेय. मला ठाऊक आहे किती अवघड असते ते. बरं, ते जाऊ दे. शेवटचा प्रवेश तेवढा म्हणून दाखवा, म्हणजे मी निर्धास्त निघते. बायको बॅग घेऊन उभी आहे, तुम्ही दार उघडता, आणि म्हणता...

नट : जा. मी तुला मोकळं करतो.

बायको : वहीत काय आहे?

नट : तेच आहे.

बायको : वहीत आहे, ‘जा. तू मोकळीच होतीस.’ दोनशे बारा प्रयोग झाले. दोनशे बारा वेळा मी हे सांगितलं, आणि तुम्ही ते ‘मोकळं करतो’ म्हणालात. नाटककार पहिले तीन प्रयोग समोर बसायचे, मग यायचे बंद झाले.

नट : लोक टाळ्या वाजवतात ना? आणि अर्थ एकच आहे.

बायको : दादा, एकच आहे का हो अर्थ?

दादा : वहिनी, ओठ हलवू नका. रंग फिसकटतो.

नट : बघ, दादांनाही फरक वाटत नाही.

दादा : मला काय कळतंय, साहेब. आमच्या घरी बकरी होती, तिला आम्ही सकाळी मोकळं करायचो. मांजरही होतं. त्याला कधी करावं लागलं नाही.

नट : तुम्ही पावडर लावा.

बायको : म्हणा पुन्हा. वहीतलं.

नट : जा. तू... जा. तू... सांग ना.

बायको : नाही.

नट : पहिलं अक्षर सांग.

बायको : नाही.

नट : नुसते ओठ तरी हलव.

बायको : रंग फिसकटतो.

नट : असं छळू नकोस. दीड तासात सहाशे माणसं येऊन बसतील. तुला काय वाटतं, मी तिकडे उजेडात एकटा उभा असतो? मी अर्धा तुझ्या स्टुलाकडे तोंड करून उभा असतो. समोरून लोकांना वाटतं, दूर क्षितिजाकडे बघतोय.

बायको : मला ठाऊक आहे. क्षितिज मीच आहे.

नट : स्टूल रिकामं दिसलं तर माझी जीभच वळायची नाही. खरं सांगतो. भीती वाटते.

बायको : हे वाक्य चांगलं म्हणालात.

नट : हे वाक्य नाहीये.

बायको : म्हणूनच. मलाही वाटते, अहो. सकाळपासून तीच अकरा वाक्यं घोकतेय. आमच्याकडे विंगेत कुणी बसतच नाही. दिग्दर्शक बाई म्हणतात, आठवलं तर बोला, नाही आठवलं तर गप्प उभ्या राहा.

नट : मग? विसरलीस तर?

बायको : तर विसरेन. पण विसरणारी मी असेन. तुमचं विसरणं सांभाळता सांभाळता स्वतःचं काही विसरायला मला कधी सवडच झाली नाही.

नट : आणि माझ्या प्रयोगाचं काय?

बायको : वही ही घ्या. उघडा तरी. बावीस वर्षांत तुम्ही एकाही वहीला हात लावला नाहीत. छापलेलं सगळं तुमचं. पेन्सिलीचं माझं, ते सोडून द्या.

नट : केवढं लिहिलंयस. ‘इथे खोकतील.’ ‘इथे पहिल्या बायकोला म्हणायचं वाक्य दुसरीला म्हणतील, सावध.’ ‘इथे माझ्याकडे बघतील, हसायचं.’ हसायचं? कशाला?

बायको : तुम्हाला धीर यावा म्हणून. अंधारात दिसायचं नाही तुम्हाला, पण मी हसायचे.

दादा : झालं, वहिनी. आरशात बघून घ्या.

नट : दादा, तुम्ही हा गालावर तीळ कशाला काढलात? मोठ्या जावेला तीळ बरा दिसतो का?

दादा : तो खरा आहे, साहेब. मी फक्त पुसला नाही.

नट : कधीपासून आहे?

बायको : जन्मल्यापासून. बसा आता खुर्चीत. दादा, यांच्या डोळ्यांखाली जरा जास्त लावा, झोप झालेली नाही. तीन वाजले. जाते मी.

नट : जाते म्हणू नये. येते म्हणावं.

बायको : बघा, न सांगता आठवलं.

नट : मग म्हण ना.

बायको : आधी जाऊन तर बघते.