गुंड्याचं वय

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपली मांजर पोटाशी धरून बसली होती. शेजारच्या आजीआजोबांचं बोलणं ऐकू नये म्हणत होती, पण कानांना दार थोडंच असतं! आजींच्या मांडीवर वीतभर कुत्रा होता.

“अहो, विमा काढू म्हणता, पण आठ वर्षांपुढचा कुत्रा ते घेत नाहीत. आपला गुंड्या दहाचा.”

“घेतील.”

“म्हातारपणी खोटं बोलणार?”

“खोटं नाही. हा चारचा आहे.”

“डोकं ठिकाणावर आहे ना? डोळे उघडले नव्हते तेव्हापासून सांभाळलाय मी.”

“तो गेला. तू ऑपरेशनला इस्पितळात होतीस, तेव्हा. डॉक्टर म्हणाले, हिला धक्का सोसायचा नाही. मग तसाच शोधून आणला.”

“म्हणजे मी घरी आले, तेव्हा हा माझ्यावर भुंकला…”

“हो.”

“आणि तुम्ही म्हणालात, अंगाला औषधांचा वास येतोय तुझ्या.”

“दुसरं काय बोलणार होतो?”

“मी चार दिवस साबण लावून अंग घासत होते हो!”

आतलं दार उघडलं.

“गुंड्या कोण? या आत.”

दोघंही जागची हलली नाहीत. कुत्रा तेवढा मांडीवरून उतरला आणि दारापाशी जाऊन आजींची वाट बघत उभा राहिला.